रुसलेल्यांची यादी

मंगळवार, ३ मार्च

मामा,

काय झालं ते आधी क्रमाने लिहिते.

१. रविवारी सकाळी तुमच्या नावाने दर आठवड्याचं ईमेल गेलं. यादीत दोनशे चौदा माणसं होती.
२. त्यातल्या सात जणांनी ईमेलच्या तळाशी असलेली 'मला यादीतून काढा' ही लिंक दाबली.
३. तुम्ही माझा पासवर्ड वापरून त्या सात जणांची नावं पाहिलीत.
४. दुपारी तुम्ही चष्मेवाल्यांच्या घरी गेलात. संध्याकाळी निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या घरी गेलात.
५. सोमवारी तुम्ही अकॉर्डियन घेऊन दाताच्या डॉक्टरांकडे गेलात आणि दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत बसून वाजवलंत.
६. चष्मेवाल्यांचं नाव तुम्ही स्वतःच्या हाताने यादीत परत घातलंत.
७. डॉक्टरांनी मला ईमेल केलं. त्यातलं एक वाक्य जसंच्या तसं देते : "आत माझं यंत्र, बाहेर तुमच्या मामांचं. पेशंटना कळेना, नक्की कुणाला घाबरायचं."

यात काही चुकलं असेल तर सांगा.

हॉटेलने जेवणघरातला बँड बंद करून भिंतीवर स्पीकर लावला, तेव्हा तुम्ही मला फोनवर म्हणाला होतात, "सव्वीस वर्षं लोक जेवायला आले आणि मी वाजवत होतो. एकदा तरी मी वाजवतोय म्हणून लोक यावेत." मी ते गंभीरपणे घेतलं. दुसऱ्यांची ईमेलं योग्य माणसापर्यंत पोचवणं ही माझी नोकरी आहे, म्हणून जे मला येतं तेच मी केलं. तुमचा ब्लॉग उघडला, यादी केली, दर रविवारी पत्र सुरू केलं. ग्रंथालयाचा वरचा हॉल २७ तारखेला तुम्हाला मिळाला आहे. ऐंशीपैकी निम्म्याहून जास्त खुर्च्या भरल्या तर दर महिन्याचा शेवटचा शुक्रवार तुमचा, नाहीतर तो बुद्धिबळ मंडळाला जाणार. ग्रंथपालबाईंनी हे स्पष्ट सांगितलं आहे.

अशा वेळी लोकांना घाबरवून चालणार नाही. जो यादीतून जातो त्याला जाऊ द्यायचं, कारण विचारायचं नाही. हा आमच्या कामातला पहिला नियम आहे. चष्मेवाल्यांचं नाव मी काढलं आहे. त्यांना यायचं असेल तर ते स्वतः येतील.

तुमची भाची

*

गुरुवार, ५ मार्च

अगं मोजपट्टी,

सातही कलमं बरोबर. फक्त पाचव्यात एक राहिलं. गाल सुजलेल्या एका गृहस्थांनी 'आणखी एक' म्हणून बोट वर केलं. बोलता येत नव्हतं बिचाऱ्याला. तोंडात घास नसताना मला कुणी केलेली ती पहिली फर्माईश.

तुझं तंत्र मला कळत नाही, कबूल. पण मैफलीतून माणूस उठून गेला, तर 'का हो, काय झालं?' एवढंही विचारायचं नाही? तुझी आई लहानपणी रुसली की माळ्यावर जाऊन बसायची. आम्ही तिला यादीतून काढली नाही. शिडी लावली.

आणि विचारलं म्हणून तर कळलं. तिघांचं म्हणणं एकच. चष्मेवाला म्हणाला, "अहो, ते तुमचं पत्र होतं? मला वाटलं हॉटेलवाल्यांची जाहिरात." म्हणून मग मी घरी येऊन त्याचं नाव घातलं, त्याच्या तोंडी परवानगीने. 'प्रिय श्रोतेहो, आपल्यासाठी घेऊन येत आहोत एक सुरेल पर्वणी!' मोजपट्टी, मी जन्मात कुणाला 'पर्वणी' म्हटलेलं नाही. 'आहोत' कोण? मी एकटाच आहे. मुख्याध्यापिकाबाईंनी तर पत्र छापून ठेवलं होतं, लाल शाईच्या खुणांसकट. दहापैकी चार दिले. चारही शुद्धलेखनाचे.

मी म्हटलं, "बाई, माझ्या भाचीने लिहिलंय, हुशार आहे हो पोरगी." त्या म्हणाल्या, "हुशार आहे ते दिसतंय, पण तुम्ही कुठे दिसत नाही."

मामी माझ्यावर उखडली आहे. म्हणते, पोरीने आपली नोकरी सांभाळून एवढं केलं आणि हा बाजा घेऊन दवाखान्यात जाऊन बसला. आता दाढ दुखली की मला सांगू नकोस.

तुझा
मामा

*

शनिवार, ७ मार्च

मामा,

'पर्वणी' हा शब्द आमच्याकडच्या चाचण्यांत चांगला चालतो. अर्थात त्या चाचण्या चपला आणि विमा विकणाऱ्यांच्या ईमेलांवर झालेल्या आहेत. दहापैकी चार, हे मी नोंदवून ठेवलं.

आता असं करू. पत्र तुम्ही लिहा. मी फक्त शुद्धलेखन बघेन आणि पाठवेन. एक शब्दही बदलणार नाही.

याच्या बदल्यात माझी एक अट आहे. २७ तारीख होईपर्यंत तुम्ही कुणाच्याही दारात जायचं नाही. घरी नाही, दुकानात नाही, कचेरीत नाही. कार्यक्रमाबद्दल जे सांगायचं ते पत्रातून. लोकांना दोन बाजूंनी गाठलं की ते दोन्ही बाजूंनी पळतात. कबूल असेल तर कळवा.

आणखी एक लहान काम मी आज उरकते आहे. गेल्या तीन महिन्यांत ज्यांनी आपलं एकही ईमेल उघडलं नाही, त्यांची नावं यादीतून वगळते. न उघडणारे फार झाले की बाकीच्यांची ईमेलंसुद्धा स्पॅममध्ये जायला लागतात. हे माझं रोजचं काम आहे, त्याची काळजी करू नका.

मामीला सांगा, मी उखडलेली नाही.

भाची

*

सोमवार, ९ मार्च

मोजपट्टी,

अट कबूल. कठीण आहे, पण कबूल. काल ग्रंथालयावरून जाताना ग्रंथपालबाई खिडकीत दिसल्या. मी मान खाली घालून पलीकडच्या फुटपाथवरून सटकलो. उधारी थकवलेल्या माणसासारखं वाटलं.

पत्र लिहिलं. एका बोटाने टाइप करतो, त्यामुळे दोन दिवस गेले. मामी म्हणाली, लिहितोयस की खोदतोयस? हे घे :

"मंडळी, माझ्या अकॉर्डियनला दमा झाला होता. भात्याच्या घडीला बारीक चीर गेली होती. ओढला की सुरांआधी हवा निसटायची. दुरुस्तीवाला म्हणाला, आता नवीन घ्या. नवीन घेण्याइतका मी स्वतःच नवीन राहिलेलो नाही. शेवटी आमच्या कोपऱ्यावरच्या शिंप्याने एका कोटाच्या अस्तराचा तुकडा आतून चिकटवून दिला. दमा गेला. पण तेव्हापासून वाद्य पहिला श्वास घेताना बड्या साहेबासारखं किंचित खाकरतं. २७ तारखेला, शुक्रवारी संध्याकाळी सात वाजता, ग्रंथालयाच्या वरच्या हॉलमध्ये ते खाकरणं ऐकायला या. त्यानंतर दीड तास मी वाजवेन. बहुतेक चाली माझ्याच आहेत, त्यामुळे चुकलो तरी तुम्हाला कळणार नाही. पहिल्यांदा काय वाजवू? चटपटीत की निवांत? या पत्राला उत्तर द्या, मी वाचतो."

लाज वाटत असेल तर पाठवू नकोस.

मामा

*

शुक्रवार, १३ मार्च

मामा,

पत्र मंगळवारी पाठवलं. एकही शब्द बदललेला नाही. 'दमा' बरोबर लिहिला होतात.

एकतीस उत्तरं आली. माझ्या नोकरीत मी लाखो ईमेलं पाठवली आहेत. त्यांना माणसं उत्तर देत नाहीत, त्यामुळे उत्तरांचं काय करायचं याची आमच्याकडे पद्धतच नाही. मी ती सगळी तुमच्याकडे पाठवते आहे. निवांतच्या बाजूने अठरा, चटपटीतच्या बाजूने अकरा. एका बाईंनी विचारलंय की खोकल्यासाठी अस्तर कुठलं वापरलं. आणि एकजण लिहितात, "तुम्ही जेवणघरात वाजवायचात तेव्हा आम्ही दर महिन्याला यायचो. एकदाही तुमच्याकडे नीट पाहिलं नाही, माफ करा. येतोय."

आकडे समाधानकारक आहेत. हा वेग टिकला तर पन्नास खुर्च्या भरायला हरकत नाही.

भाची

*

बुधवार, १८ मार्च

मोजपट्टी,

ते जेवणघरवाल्यांचं उत्तर मी मामीला वाचून दाखवलं. ती म्हणाली, पुरे झालं, चौथ्यांदा वाचतोयस.

आता दुसरी बातमी. आज शिंपी भेटला. म्हणाला, "कार्यक्रम रद्द केलात म्हणे?" मी म्हटलं, छे. तर म्हणाला, ग्रंथालयाच्या फलकावरून तुमचा कागद गेला, तिथे बुद्धिबळाच्या अंतिम सामन्याचा लागला. तारीख २७.

तुला दिलेला शब्द होता म्हणून मी आत गेलो नाही, ग्रंथालयात फोन केला. ग्रंथपालबाई जरा तुटकच बोलल्या. "दर रविवारी तुमचं पत्र यायचं, ते बंद झालं. तुम्ही रोज वर्तमानपत्र वाचायला यायचात, तेही बंद झालं. परवा मला बघून रस्ता ओलांडलात. मी समजले, तुमचा विचार बदलला आणि सांगायचा संकोच वाटतोय. मंडळ मागतच होतं, देऊन टाकला हॉल."

त्यांचं काही चुकलं नाही. काही हरकत नाही गं. एकतीस उत्तरं आली, तेवढं पुष्कळ झालं. तू मनाला लावून घेऊ नकोस.

मामा

ता. क. हे मामी लिहितेय. तो आंघोळीला गेलाय. 'काही हरकत नाही' वगैरे खोटं आहे. दुपारपासून पेटी उघडलेली नाही, आणि मी मुद्दाम टीव्ही मोठा लावला तरी ओरडला नाही.

*

गुरुवार, १९ मार्च

मामा,

मी शोधून काढलं. चूक माझी आहे. दोन चुका आहेत.

पहिली. ईमेल कुणी उघडलं हे मला त्यातल्या एका न दिसणाऱ्या चित्रामुळे कळतं. ईमेल उघडलं की ते चित्र उतरतं आणि माझ्याकडे खूण होते. ग्रंथालयातल्या संगणकावर चित्रं उतरू न देण्याची सोय केलेली आहे. ग्रंथपालबाईंनी तुमचं प्रत्येक पत्र वाचलं होतं. वाचून, छापून, खालच्या फलकावर लावलं होतं. शिंपी तिथेच वाचायचा, आणखी किती जण वाचायचे मला माहीत नाही. माझ्या यादीप्रमाणे मात्र त्यांनी तीन महिन्यांत काहीही उघडलं नव्हतं. ७ तारखेला मी त्रेपन्न नावं काढली, त्यात त्या होत्या. तुमचं सगळ्यांत चांगलं पत्र त्यांना गेलंच नाही.

दुसरी. तुम्हाला घरात बसवलं मी. तुम्ही गेला असता तर पहिली चूक एका दिवसात उघडी पडली असती.

चित्र न उतरणं आणि पत्र न वाचणं या वेगळ्या गोष्टी आहेत हे मला ठाऊक आहे. नव्या माणसांना मी हेच शिकवते. तरीही आकडा सोयीचा होता म्हणून मी तो खरा धरला.

त्या त्रेपन्न जणांना मी आज हे पाठवलं आहे, तुमच्या नावाने नाही :

"हे पत्र अकॉर्डियनवाल्यांचं नाही, त्यांच्या भाचीचं आहे. त्यांची यादी मी सांभाळते. तुम्ही पत्रं वाचत नाही असं समजून मी तुमचं नाव काढलं. विचारलं नाही. न विचारता काढणं चूक होतं. त्यांचं मागचं पत्र खाली जोडलं आहे. परत यायचं असेल तर एक शब्द लिहा. नको असेल तर काहीच करू नका, मी पुन्हा त्रास देणार नाही."

तुमच्यावरची अट मी मागे घेते. ग्रंथालयात जा. मंडळाच्या अध्यक्षांकडे जा. पेटी घेऊन जा.

भाची

*

रविवार, २२ मार्च

अगं मोजपट्टी, ऐक.

तुझं पत्र वाचलं आणि उभ्या उभ्या चप्पल घातली. मामी म्हणाली, शर्ट तरी बदल. ग्रंथपालबाईंसमोर गेलो तर त्यांच्या हातात तुझं पत्र. म्हणाल्या, "तुमच्या भाचीला सांगा, मी एक शब्द नाही, चार लिहिलेत : 'मी गेलेच कुठे होते?'" मग आम्ही दोघं मिळून अध्यक्षांकडे गेलो.

हा माणूस बोलायच्या आधीसुद्धा चाल विचारात घेतो. घड्याळांचं दुकान आहे त्याचं. मी सगळं सांगितलं. त्याने एका घड्याळाला किल्ली दिली. मी आणखी सांगितलं. त्याने दुसऱ्याला दिली. शेवटी म्हणाला, "शब्द मंडळाला दिलाय, मागे घेता येत नाही. पण आमचा सामना चारला सुरू होतो, साडेसहाच्या आत संपतो. प्रेक्षक पन्नासेक. ते बसूनच राहतील, तुम्ही साताला वाजवा. तुमच्या खुर्च्या आयत्या भरलेल्या."

ग्रंथपालबाई खूश. मी मात्र नाही म्हटलं.

हो, नाही म्हटलं! मामी मला वेडा म्हणाली, तूही म्हण. अगं, पुन्हा तेच झालं ना? लोक बुद्धिबळाला आलेले, आणि मी कोपऱ्यात वाजवतोय. मी म्हटलं, "अध्यक्ष, सामना संपला की सगळ्यांना बाहेर काढायचं. हॉल रिकामा. दार बंद. पावणेसाताला दार उघडायचं. ज्याला माझं ऐकायचंय तो आत येईल, ज्याला घरी जायचंय तो जाईल. मग मोजा खुर्च्या."

ग्रंथपालबाई म्हणाल्या, "अहो, उठलेला माणूस परत बसत नाही. निम्मा हॉल भरला नाही तर माझा नाइलाज आहे हं."

मी म्हटलं, माहीत आहे.

अध्यक्ष म्हणाला, "वजीर देताय." मग हात पुढे केला.

त्रेपन्नांतले किती परतले?

मामा

*

सोमवार, २३ मार्च

मामा,

अडतीस. प्रत्येकाने काही ना काही लिहिलंय. कालचं रविवारचं पत्र त्या सगळ्यांनाही गेलं आहे.

वेडा म्हणत नाही. पण उठवलेल्यांपैकी किती परत बसतात याचा कुठलाही आकडा माझ्याकडे नाही, त्यामुळे अंदाज देत नाही.

निवांतने सुरुवात करा. अठरा विरुद्ध अकरा.

भाची

*

शनिवार, २८ मार्च

मोजपट्टी!

हाउसफुल्ल! तुडुंब! पाय ठेवायला जागा नव्हती! मामी रडली आणि वर म्हणते, डोळ्यांत कचरा गेला. पेटी खाकरली तसा सगळा हॉल हसला, आणि मग जो गप्प झाला तो शेवटपर्यंत. अध्यक्ष पहिल्या रांगेत. तीनदा आणखी वाजवायला लावलं.

दार बंद होतं तेव्हाची पंधरा मिनिटं मात्र विचारू नकोस. मी आत एकटा, समोर ऐंशी रिकाम्या खुर्च्या. दार उघडलं तेव्हा मी डोळेच मिटून घेतले आणि सात वाजता तसाच वाजवायला लागलो. पहिली चाल संपेपर्यंत उघडले नाहीत.

तू असायला हवी होतीस गं. एवढं एकच राहिलं.

मामा

*

सोमवार, ३० मार्च

मामा,

हाउसफुल्ल नव्हतं. एकाहत्तर माणसं होती. सात खुर्च्या रिकाम्या होत्या, त्यातल्या चार खांबामागे. मी दोनदा मोजलं.

मी दुपारच्या गाडीने आले होते. सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर तुम्ही दारातच माझी ओळख करून देत बसला असता. कार्यक्रमानंतर तुमच्याभोवती एवढी गर्दी होती की थांबले असते तर परतीची गाडी चुकली असती. मामीने मला पाहिलं. तिला मी खूण केली, तिने तोंडावर बोट ठेवलं. तिच्या डोळ्यांत कचरा गेला नव्हता.

एकाहत्तरात मी स्वतःला आणि मामीला धरलेलं नाही. आपण घरचे.

तुम्ही आत होतात, म्हणून बाहेरचं सांगते. सामना संपल्यावर सगळे जिन्यात आणि व्हरांड्यात आले. कुणी कोट चढवले, दोघं जिना उतरून गेलेसुद्धा. मी भिंतीला टेकून उभी होते. एक आजोबा बायकोला म्हणाले, "चल, उशीर होईल." त्या म्हणाल्या, "तुम्ही व्हा पुढे. मी पत्र लिहिलंय त्यांना, निवांत वाजवा म्हणून. ऐकल्याशिवाय येत नाही." खालून, ग्रंथालयाच्या दारातून, बुद्धिबळाशी काही संबंध नसलेली माणसं वर येत होती. शिंपी दोन मुलींना घेऊन आला होता. जिना भरला तेव्हा आजोबांना उतरायला वाट राहिली नाही. तेही आत आले.

आणि एक गोष्ट तुम्हाला दिसली नाही, कारण तुम्ही डोळे मिटले होते. पहिली चाल संपेपर्यंत कुणी कुजबुजलं नाही, कुणी फोन काढला नाही. एकाहत्तर माणसं फक्त तुमच्याकडे बघत होती. मी शेवटच्या रांगेत होते, त्यामुळे मला त्यांच्या पाठी दिसत होत्या. इतक्या स्थिर पाठी मी कुठे पाहिलेल्या नाहीत. ही मोजलेली गोष्ट नाही, पण खात्रीची आहे.

ग्रंथपालबाईंचं ईमेल सकाळी आलं. दर महिन्याचा शेवटचा शुक्रवार तुमचा. पुढचा २४ एप्रिल. मंडळाने आपला वार बदलून गुरुवार घेतला, आणि अध्यक्षांनी यादीत नाव नोंदवलं आहे. नाव त्यांनी स्वतः घातलं, मी खात्री करून घेतली.

रविवारपासून नऊ जण यादीतून गेले. त्यांची नावं या पत्राखाली देते आहे. तुम्हाला कुणाकडे जावंसं वाटलं तर जा, पण आधी फोन करा, आणि दवाखान्यात वाजवू नका.

पुढचं पत्र तुमच्याच शब्दांत हवं. बुधवार, ८ एप्रिलपर्यंत पाठवा.

तुमची
मोजपट्टी